आरोळी आणि डागडुजी

दिवाळीच्या सुटीत कोकण करून आलेला माणूस दोन गोष्टी केल्यावाचून राहत नाही. एक तर तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी आमसुलांचा पुडा पोचवतो; आणि दुसरे, फराळाचे ताट पुढे येईपर्यंत खिशातला मोबाईल काढून त्या घरातल्या लहानथोरांना दोन-अडीचशे छायाचित्रे दाखवतो. तटावर उभा असलेला तो, तोफेवर बसलेला त्याचा धाकटा, बुरुजाच्या कमानीत हात पसरून उभी असलेली त्याची पुतणी, आणि मागे निळा समुद्र. चकली मोडता मोडता तो सांगतो, "जंजिरा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सगळे किल्ले पाहून आलो बघा!" आपणही माना डोलावतो आणि पुढच्या साली आपणही जायचे असे ठरवतो.

माझे भांडण त्या 'पाहून' या शब्दाशी आहे. सणासुदीच्या दिवसांत भांडण काढू नये हे मला कळते. पण आमच्या वऱ्हाडात भांडण आणि शेव-चिवडा एकाच बैठकीत चालतात; तेव्हा वाचकांनी एक वाटी पुढे घ्यावी आणि माझेही ऐकून घ्यावे.

प्रथम माझ्या अधिकाराविषयी. रिसोड तालुक्यातले रिठद हे माझे गाव. इथून समुद्र इतका दूर, की 'समुद्र' हा शब्द आम्ही लहानपणी प्रथम ऐकला तो पोथीतल्या समुद्रमंथनात. सोयाबीन, तूर, हरभरा आणि पावसाची वाट, एवढे आमचे जग. मी दुर्गांविषयी तोंड उघडले, की मुंबई-पुण्याकडची मंडळी हसून म्हणतात, "अहो, तुमचा आणि दर्याचा संबंध काय?" त्याहून वाईट म्हणजे आमचीच मंडळी म्हणतात, "ते कोकणातल्यांचं काम आहे. आपण जावं, पाहावं, मासे खावे आणि घरी यावं." या दुसऱ्या वाक्याचाच मला अधिक राग येतो. जी वस्तू आपली नाही असे आपण एकदा ठरवले, तिच्या पडझडीची चिंता करण्याचेही मग कारण उरत नाही; आणि अभिमान मात्र फुकट मिळतो.

संबंध नाही कसा? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भूमीत भेगा पडून जो तप्त रस थरावर थर पसरला, त्याचाच काळा पाषाण आमच्या शेतात विहीर खणताना आडवा येतो आणि सुरुंगावाचून फुटत नाही. तोच पाषाण सह्याद्रीच्या कड्यांतून खाली उतरून हरिहरेश्वरला समुद्राच्या तोंडात उभा आहे. तिथे लाटांनी त्याला कापून सपाट ओटा केला आहे, त्याच्या भिंतींत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पाडली आहेत. मला ती जागा पाहताच माझ्या विहिरीचा तळ आठवला. आणि खारे पाणी? तेही आम्हांला परके नाही. आमच्याकडून फार लांब नसलेल्या लोणारला याच काळ्या पाषाणावर आकाशातून अशनी येऊन आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले. त्याच्या तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. आमच्या मुलांनी चाखलेले पहिले खारे पाणी अरबी समुद्राचे नसून लोणारचे असते.

तिसरा संबंध मात्र सांगताना मान खाली जाते. आमचे वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या घराण्यातल्या हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या अमात्याने अजिंठ्याचे १६ वे लेणे कोरवून घेतले. म्हणजे जे पाहायला जगातून माणसे येतात, त्यामागचा पैसा आणि हुकूम आमच्या बाजूचा. आज त्या राजधानीची एक भिंत दाखवा म्हटले तर कोणती दाखवू? वाशीमला सापडलेला विंध्यशक्तीचा ताम्रपट आहे, इतिहासाच्या पुस्तकातल्या ओळी आहेत. पण ज्या वाड्यात तो हुकूम निघाला, त्याचा उंबरठाही आम्हांला ठाऊक नाही. राजधानी नाहीशी होते म्हणजे काय होते, हे सांगण्याचा अधिकार आमच्याइतका कोणाला आहे? म्हणूनच समुद्रकाठचे दुर्ग ढासळताना पाहून मला जी धास्ती वाटते ती पाहुण्याची धास्ती नव्हे. ती एकदा घर गमावलेल्याची आहे.

आता प्रवासाकडे वळतो. मागच्या दिवाळीनंतर सोयाबीन विकून हातात चार पैसे आले, तेव्हा आम्ही घरची अकरा माणसे एक गाडी ठरवून निघालो. मी, माझी पत्नी, मुलगा, सूनबाई, दोन पुतणे, त्यांची मंडळी आणि आठ वर्षांचा माझा नातू. बेत पुतण्यांचा होता: आधी मुरूड, मग किनाऱ्या-किनाऱ्याने हरिहरेश्वर, विजयदुर्ग, मालवण.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीतून जंजिऱ्यास गेलो. होडी तटाला लागेपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही, ही बांधणाऱ्याची करामत. आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये हे गोडे पाणी पाहून माझी पत्नी कितीतरी वेळ काठावर बसून राहिली. उन्हाळ्यात डोक्यावर हंडा वाहिलेल्या बाईला ते पाणी काय सांगत होते, हे तोफेवर बसून छायाचित्र काढणाऱ्या पुतण्यांना कळणे कठीण. त्यांचा चेहरा मात्र उतरलेला. का, तर हा किल्ला 'आपण' घेतला नाही. सिद्दीने तो राखला, मराठ्यांना, आंग्ऱ्यांना, इंग्रजांना दाद दिली नाही. १९४८ साली ते संस्थान विलीन झाले तेव्हा कुठे त्याची सत्ता संपली. पुतण्या म्हणाला, "काका, इथं घोषणा तरी कशी द्यायची?"

मला हसू आले आणि वाईटही वाटले. किल्ला म्हणजे घोषणा देण्याचा ओटा, एवढीच ज्याची समजूत, त्याला शत्रूच्या किल्ल्यात पाहण्यासारखे काही उरतच नाही. महाराजांना मात्र ते दिसत होते. शत्रूचा किल्ला इतका पक्का आहे हे त्यांनी नीट पाहिले, म्हणून तर त्याच्यासमोर समुद्रात दुसरा उभा केला. त्याचे नाव पद्मदुर्ग. लोक त्याला कासा किल्लाही म्हणतात.

पद्मदुर्गाकडे फार होड्या जात नाहीत. एका नाववाल्याला बऱ्याच विनवण्या केल्या, तेव्हा तो तयार झाला. आम्ही तटाजवळ गेलो आणि नातवाने ओरडून विचारले, "आबा, हे दगडं कोनं खाल्ले?"

खरेच कोणी खाल्ल्यासारखे दिसत होते. तटाच्या दगडांचे पोट आत गेले आहे, कुठे बोटभर, कुठे हातभर. पण दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा उभा आहे. दगड झिजून गेले आणि दरजा तेवढ्या जाळीसारख्या बाहेर राहिल्या. मी म्हणालो, "समुद्रानं खाल्ले रे."

"मंग चुना काऊन नाई खाल्ला?"

वाचकहो, सहा दिवसांच्या त्या प्रवासात हा एकच खरा प्रश्न विचारला गेला, आणि तो आठ वर्षांच्या मुलाने विचारला. आम्ही मोठी माणसे गप्प बसलो. साडेतीनशे वर्षे लाटांचा मार खाऊन दगड हरला आणि चुना जिंकला, तो चुना केला कोणी? त्याचे नाव कुठल्या बखरीत नाही. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजायचे, पाण्यात विरवायचे, वाळू घालून घाणीत मळायचे. दगडी चाक, गोल चर आणि ते चाक ओढणारा बैल. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असे काय काय त्यात पडे, आणि किती पडावे हे ज्याचे त्यालाच ठाऊक. घाई केली की चुना फसला. बैलाच्या मागे दिवसभर चालणारा तो माणूस आमच्यासारखाच शेतकरी असेल, किंवा तुमच्यासारखाच कोणी पोटासाठी आलेला. त्याने आरोळी दिली नाही. चुना नीट मळला. आज त्या तटावर उभे राहून आपण ज्याचा अभिमान सांगतो, ते त्याचे मळणे आहे.

याच पद्मदुर्गाविषयी महाराजांचे एक पत्र आहे, १६७५ सालचे. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले. पद्मदुर्गाकडे आणि आरमाराकडे पैका व धान्य पोचवण्याचा हुकूम असताना त्याने ते वेळेवर पोचवले नाही. महाराजांचा संताप त्या पत्रात उसळला आहे. हबशाने काही देऊन तुला आपला चाकर केले असावे, इथवर त्यांनी संशय घेतला आहे. एका सुभेदाराने रसद उशिरा पाठवली एवढ्यावरून केवढा हा राग! पण त्या रागातच किल्ला म्हणजे काय याची व्याख्या आहे. किल्ला तटाने उभा राहत नाही. तो धान्याच्या पोत्याने, चुन्याच्या पाटीने, वेळेवर आलेल्या पगाराने उभा राहतो. आज महाराजांच्या नावाने गळा फोडणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या पत्राच्या कसोटीवर स्वतःला लावून पाहिले असेल? आपण सारे त्या पत्रातले सुभेदार आहोत. हुकूम ठाऊक आहे, रसद मात्र पोचवत नाही.

आणखी एक दाखला देतो. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडांवर एक प्रकरण आहे आणि आरमारावर एक. गडाच्या प्रकरणात शूरपणाच्या गप्पा थोड्या, केरकचऱ्याच्या पुष्कळ. गडावर, वाटेवर, तटावर केर पडू देऊ नये. तो गडाखालीही टाकू नये. जागच्या जागी जाळून त्या राखेवर परसात भाजी पिकवावी, असे त्यांचे सांगणे. आरमाराच्या प्रकरणात म्हटले आहे, की गलबतांना लाकूड लागते, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये; कारण ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. राज्य ज्यांना चालवायचे होते त्यांना भाजीची आणि फणसाचीही चिंता होती. आपल्याला राज्य चालवायचे नाही. आपल्याला फक्त मिरवायचे आहे. म्हणून त्याच तटांच्या खाचांत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, वेफरची पाकिटे आणि खडूने लिहिलेली नावे आहेत.

त्या नावांविषयी मी फार मोठ्याने बोलू नये. कॉलेजच्या सहलीत एका गडावर मीही कोळशाने माझे नाव लिहिले होते, तारखेसह. ते केव्हाच पुसले गेले असेल. पण ते आठवले की आजही कान तापतात. तेव्हा या लेखात मी ज्यांच्यावर काठी उगारली आहे त्यांत पहिला मी, हे समजून असावे.

हरिहरेश्वरला एक रात्र राहिलो. मंदिरामागची प्रदक्षिणेची वाट खडकात उतरते आणि भरतीच्या वेळी ती वाट समुद्राची होते. तिथे माणसे वाहून गेली आहेत. तशा सूचनाही लावल्या आहेत. आमच्या समोर एक कुटुंब सूचनेच्या पाटीलाच टेकून छायाचित्र काढत होते आणि त्यांचा मुलगा पुढच्या खडकावर उभा होता. एका दुकानदाराने धावत जाऊन त्याला मागे ओढले, तर वडील त्याच्यावरच डाफरले. भरती केव्हा, ओहोटी केव्हा, एवढेही न विचारता जो समुद्रापुढे उभा राहतो, त्याने समुद्र पाहिला असे कसे म्हणावे? अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीत चालत जाता येते; त्याच्या तटात प्रचंड दगड चुन्यावाचून नुसते एकावर एक बसवले आहेत, म्हणजे लाट फटींत शिरून आपला जोर तिथेच टाकते. पद्मदुर्गाला चुना, कुलाब्याला बिनचुन्याची बांधणी. बांधणाऱ्यांनी समुद्राला आधी विचारले होते, असे माझे म्हणणे आहे.

तिथून विजयदुर्ग. वाघोटन नदीच्या मुखाशी तीन पदरी तट, शिलाहारांपासूनची जागा. वाटाड्याने आम्हांला उत्साहाने सांगितले, की १८६८ साली लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने याच किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहून हेलियम वायू शोधला. हे बघा साहेबाचे ओटे! १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा केला जातो. आमच्या सूनबाई शाळेत विज्ञान शिकवतात. त्या हळूच म्हणाल्या, "मामंजी, हे जुळत नाही." आणि ते खरेच जुळत नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडात. लॉकियरने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडातूनच सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचे नाव आले. विजयदुर्गाला लॉकियर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. आणि त्याआधीच, १८९५ साली, रॅमसेने पृथ्वीवर हेलियम मिळवला होता.

कोणी म्हणेल, "असू द्या ना! किल्ल्याचे नाव होते, मुलांना विज्ञानाची गोडी लागते. तुम्ही कशाला मोडता घालता?" हा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो. १८९८ साली जगातला एक श्रेष्ठ सूर्यशास्त्रज्ञ आपली दुर्बीण घेऊन मराठ्यांच्या जलदुर्गावर आला, ही खरी गोष्ट काय लहान आहे? मग तिच्यावर खोट्याचा गिलावा कशासाठी? जुन्या तटावर सिमेंट थापले की आत ओल कोंडते, क्षार साठतात आणि आतला दगड लवकर फुटतो. चुन्याला श्वास असतो, सिमेंटला नाही. खोट्या अभिमानाचेही तसेच आहे. वरून गुळगुळीत दिसते, आत इतिहास कुजतो.

आणि जे खरे आहे पण अवघड आहे, ते कोणी सांगतच नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत याच बंदरात आंग्ऱ्यांचे आरमार जळाले. जाळणारे वॉटसन आणि क्लाइव्ह. पण तुळाजी आंग्ऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती ती पेशव्यांनी. आपल्या आरमाराच्या राखेवर आपलाही हात आहे. हे मुलांना सांगायचे नाही तर मग किल्ल्यावर न्यायचे तरी कशासाठी? दोन भाऊ भांडले आणि तिसऱ्याला बोलावले की काय होते, हे वऱ्हाडातल्या बांधावरच्या भांडणांतून आम्हांला चांगले कळते. विजयदुर्गाला ते दगडात वाचता येते. पण आमची मंडळी तिथे पाठ फिरवून, समुद्र मागे ठेवून, चेहरा पुढे करून उभी राहतात. २०२० च्या पावसाळ्यात या किल्ल्याच्या तटाचा काही भाग ढासळला. ती बातमी किती दिवस टिकली?

शेवटी मालवण. सिंधुदुर्गाचे काम १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर सुरू झाले आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायात शिसे ओतल्याचे सांगतात. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. समुद्राच्या मध्यभागी गोडे पाणी हा चमत्कार नव्हे. पावसाचे पाणी बेटाच्या खडकात मुरते, खाऱ्या पाण्याहून ते हलके, म्हणून वर तरंगते. हात राखून उपसले तर पुरते, हपापून उपसले तर खालचे खारे वर येते. एवढे ज्ञान आम्ही रिसोड-वाशिमात पाळले असते, तर उन्हाळ्यात इतक्या गावांना टँकरची वाट पाहावी लागली नसती.

समोरच्या किनाऱ्यावर राजकोट आहे. तिथे ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा उभारला गेला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही भरले नव्हते. नंतर २०२५ साली त्याच जागी आणखी उंच पुतळा उभा राहिला. कोण चुकले, कोणत्या पक्षाचे चुकले, याच्याशी मला या लेखापुरते कर्तव्य नाही; ते काम न्यायालयाचे आणि मतदारांचे. मला फक्त एवढे दिसले, की एका बाजूला साडेतीन शतके लाटा झेलणारा तट आणि दुसऱ्या बाजूला आपल्या काळाची घाई. महाराजांना पुतळ्याची उंची मोजायची सवय नव्हती. चुना आणि रसद मोजायची होती.

त्याच किनाऱ्याच्या पाण्याखाली प्रवाळ आहे; १९८७ पासून मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून घोषित आहे. आम्हांला घेऊन गेलेला म्हातारा नाववाला म्हणाला, "लोक येतत, फोटो काढतत नि जातत. नांगर खंय पडलो, कोणाक पडलेला नाय." नांगर प्रवाळावर पडला की जे वाढायला वर्षानुवर्षे लागली ते एका क्षणात तुटते. किल्ला माणसाने बांधला, प्रवाळ निसर्गाने. दोघांची शिकार करणारा हात मात्र एकच आहे.

आता माझ्यावर जे आक्षेप येतील ते मीच मांडतो. पहिला: लोकांनी जाऊच नये काय? जरूर जावे. मालवण-मुरूडच्या घरांत चूल पेटते ती येणाऱ्या माणसांवर. त्यांच्या पोटावर मी पाय देणार नाही. दुसरा: घोषणा दिल्याने तरी मुलांच्या अंगावर काटा उभा राहतो, ते काय वाईट? वाईट काहीच नाही. पण काटा दहा क्षण टिकतो. त्यानंतर हाताला काही काम दिले नाही तर तो काटा वाया गेला. तिसरा आणि सर्वांत वजनदार आक्षेप: डागडुजी हे सरकारचे काम, सामान्य माणसाने काय करावे? ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपले जलदुर्ग आहेत. मग झाले की! असे म्हणून आपण हात झटकतो. पण ज्याच्या चुन्याने माझ्या नातवाला थांबवले तो पद्मदुर्ग त्या यादीत नाही. आणि यादीत गेलेल्या किल्ल्याच्या तटात उगवलेला पिंपळ यादी वाचून मुळे आवरून घेत नाही. सरकारने तट बांधावा हे खरे. पण बाटली सरकार टाकत नाही, नाव सरकार कोरत नाही, आणि मुलाच्या प्रश्नावर गप्प बसणारा आबाही सरकारी नोकर नसतो.

मी मागतो ते थोडे आहे. दहा किल्ले धावत पाहण्याऐवजी एकच पाहावा, पण दिवसभर. तिथे तीन गोष्टी शोधाव्या: पाणी कुठून येत होते, चुना कुठे मळला, आणि धान्य कोणत्या वाटेने आत गेले. जे ठाऊक नाही ते ठोकून सांगू नये. भरती-ओहोटी विचारून उतरावे. जेवढे सामान नेले तेवढे परत आणावे, आणि जमल्यास दुसऱ्याचे एक मूठ अधिक. आणि घरी आल्यावर आपल्या गावाकडे एकदा नीट पाहावे.

हे शेवटचे मला फार जड गेले. वऱ्हाडात गावोगाव गढ्या होत्या. पांढऱ्या मातीच्या उंच भिंती, कोपऱ्याला बुरूज. ती पांढरी माती शेताला खतासारखी मानवते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक ती खणून नेतात. आधी बैलगाडीने नेत, आता ट्रॅक्टरने. सातशे किलोमीटर जाऊन दुसऱ्याच्या तटावर आरोळी द्यायची आणि आपल्या तालुक्यातली गढी घमेल्या-घमेल्याने शेतात पसरवायची, हा आमचा इतिहासप्रेमाचा हिशेब! वत्सगुल्म असेच गेले असेल. कोणी शत्रूने एका दिवसात बुडवले नसेल. आमच्यासारख्याच भल्या माणसांनी, गरज पडली म्हणून, एकेक घमेले नेले असेल.

यंदा दिवाळीला नातवाने अंगणात किल्ला केला आहे. परातीभर पाण्याच्या मध्ये सिंधुदुर्ग. माती आमच्या शेतातली, काळी. ती ओली असताना फुगते आणि वाळली की भेगाळते. दुसऱ्याच दिवशी तटाला तडे गेले. पोरगा रडला नाही. शेण, भुसा आणि थोडी पांढरी माती मळून रोज सकाळी तो तडे बुजवतो, फटाके नंतर. त्याच्या किल्ल्यावर महाराजांचे चित्र अजून बसायचे आहे, झेंडाही लागायचा आहे. पण बांगडीएवढ्या तीन विहिरी मात्र पहिल्या दिवशीच झाल्या. आज सकाळी पुतण्या अंगणात आला आणि सवयीने म्हणाला, "चल, घोषणा दे!"

तो म्हणाला, "थांबा ना काका, तडा बुजू द्या."